महिपतराव इंगळ्यांचा भाग तिसरा

...तर त्या बैराग्यानं महिपतरावांच्या पायावर डोकं ठेवलं, इथपर्यंत काल आलो होतो. इंदूरच्या वाटेवर ब्यावऱ्याच्या चहाच्या टपरीसमोर आमची लॉरी गरम होऊन उभी होती. लॉरीत सरकारी दप्तरांचे बस्ते, आणि बस्त्यांवर मांडी घालून, डोळे मिटून महिपतराव इंगळे पुटपुटत होते, "तेंगो, तिएनेस, तिएने. तेंगो, तिएनेस, तिएने." बैरागी बराच वेळ ऐकत राहिला. मग हात जोडून मला विचारू लागला की महाराज कोणत्या पंथाचे, हा मंत्र तर काशीतही कानावर पडला नाही. मी तोंड उघडायच्या आत तो वर चढला आणि त्यानं पाय धरले. महिपतराव दचकले. प्रकार कळला तेव्हा मात्र अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बाबा, आमची दीक्षा अजून व्हायचीय. पहिलाच भाग चालू आहे."

बैरागी तरी अंगारा मागतच राहिला. शेवटी महिपतरावांच्या मंडळींनी, सुधाताईंनी, डब्यात दिलेला बेसनाचा लाडू त्याच्या हातावर ठेवला, तेव्हा सुटका झाली.

मंत्र होता स्पॅनिश भाषेचा. माझ्याकडे आहे, तुझ्याकडे आहे, त्याच्याकडे आहे. एवढाच अर्थ. साल एकोणपन्नास. आता ग्वाल्हेरच्या मराठा कारकुनाला स्पॅनिश कशाला हवं, हे सांगतो. पण आधी ती लॉरी का, ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं होतं. ग्वाल्हेर मोठं की इंदूर मोठं हा तंटा काही मिटेना, म्हणून राजधान्याही दोन केल्या. थंडीत कचेऱ्या ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. म्हणजे वर्षातून दोनदा सगळं सरकार बस्त्यात बांधायचं आणि दोनदा सोडायचं. बांधणारा मी. श्रीगोंद्याकडच्या गावात चौथी पास झालेला माणूस, हुद्दा दप्तरबंद. लाल खारव्याचं कापड पसरायचं, कागद रचायचे, चार कोपरे ओढून गाठ मारायची, वर लाखेची मोहोर. नियम एकच. टेबलावर लाल कापडात जे दिसेल ते बस्त्यात जाईल. विचारत बसायचं नाही. विचारत बसलो असतो तर एक सरकार अजून ग्वाल्हेरच्या फूलबागेजवळच पडून राहिलं असतं.

महिपतराव आमच्या दप्तरखान्याचे कारकून. पण ते मूळचे आमचे नव्हेत. मूळचे पागेचे. दरबारच्या घोड्यांच्या वंशावळी त्यांच्याकडे असत. कोणत्या घोडीला कोणत्या साली शिंगरू झालं, त्याच्या कपाळावर टिळा होता की चांदणी, सगळं तोंडपाठ. इंगळ्यांच्या चार पिढ्या घोड्यावर गेल्या. वडील कान्होजी, त्यांना सगळे आबासाहेब म्हणत, रिसाल्यातले. पल्लेदार मिशा आणि भिंतीला तडा जाईल असा आवाज. मी एक्केचाळीस साली ग्वाल्हेरला आलो तेव्हा कंपूत, म्हणजे जुन्या छावणीच्या वस्तीत, त्यांच्या घरावरून जायचं तर आम्ही चप्पल न वाजवता जात असू. विलीनीकरणात पागा मोडली. घोडे कुठं कुठं गेले. महिपतराव घोड्यांच्या वह्या घेऊन आमच्याकडे आले. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "दिनकर, ह्या नीट बांध. ह्यातला एकही आता जिवंत नाही असं समजू नकोस."

तर, त्यांचा धाकटा भाऊ सूर्याजी. तो घोड्यापाशी नुसता उभा राहिला तरी घोडा कान पाडून शांत व्हायचा. पस्तीस साली दक्षिण अमेरिकेतला एक साहेब पोलोचे घोडे विकायला आला होता, त्यानं सूर्याजीचा हात पाहिला आणि वर्षभरासाठी मागून नेला. अर्जेंटिनाला. वर्षाची चार वर्षं झाली. तिथं सूर्याजीनं एका घोडेवाल्याच्या मुलीशी लग्न केलं. एकोणचाळीसच्या आरंभी त्याचं पत्र आलं. बायकोला घेऊन घरी येऊ का, एवढंच विचारलं होतं.

त्या पत्राला उत्तर गेलं नाही. पुढं लढाई लागली, जहाजं थांबली, चव्वेचाळीसला आबासाहेब वारले. सगळ्या कंपूला ठाऊक होतं की आबासाहेबांनी नको म्हटलं. ख्रिस्ती सून, परमुलखातली. त्या मिशांकडे बघून दुसरं काही कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. महिपतराव त्यावर कधी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

अठ्ठेचाळीसच्या मे महिन्यात, इकडे मध्यभारताचं उद्घाटन होतंय, फूलबागेत दिव्यांच्या माळा, आणि महिपतरावांना पाकीट आलं. तिथल्या इंग्रज मॅनेजरच्या चार ओळी. सूर्याजी हिवाळ्यात न्यूमोनियानं गेला, मागं बायको आणि एक मुलगी आहे. आणि आत वहीचा फाडलेला कागद. एका पोरीचं अक्षर, चार ओळी, खाली घोड्याचं चित्र. घोडा चांगला काढला होता. पाय बरोबर पडत होते.

त्या चार ओळी कुणाला वाचता येईनात. कचेरीत सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं दिल्लीला वकिलातीत पाठवा, आठवड्यात भाषांतर येईल. कुणी म्हणालं मुंबईला एक पाद्री आहे. महिपतरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांचं म्हणणं, पोरीनं पत्र चुलत्याला लिहिलंय, वकिलातीला नाही. मुंबईच्या एका दुकानातून त्यांनी इंग्रजीतून शिकवणारं स्पॅनिशचं व्याकरण मागवलं. भाग पहिला.

घरी सुधाताईंनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. मूलबाळ नव्हतं त्यांना. माझ्यादेखत म्हणाल्या, "अहो, ह्यापेक्षा सवत आणली असती तर बरं. तिच्याशी मराठीत भांडता तरी आलं असतं."

पण रोज जेवण झालं की कंदील पुसून पुस्तकाशेजारी ठेवायच्या त्याच.

तीन महिने लागले त्या चार ओळींना. एका दुपारी दप्तरखान्यात मला बाजूला घेऊन त्यांनी त्या मराठीत सांगितल्या. माझं नाव लुसिया. मी आठ वर्षांची आहे. माझ्याकडे एक घोडा आहे. तुमच्याकडे आहे का?

मी हसलो. ते हसले नाहीत. चार पिढ्या घोड्यावर गेलेला माणूस, आणि पहिलं स्पॅनिश वाक्य त्याला लिहावं लागलं, की माझ्याकडे घोडा नाही. त्याच्यापुढं घातलं, ग्वाल्हेरमध्ये माझं एक घर आहे, एक बायको आहे, एक सायकल आहे. तेवढंच येत होतं.

मग सुरू झाली ती शाळा. पत्र जायला दोन-अडीच महिने, उत्तर यायला तितकेच. एका फेरीत पुस्तकाची पन्नास पानं होत. ते रूपं पाठ करायचे ती अगदी रामरक्षेच्या चालीवर. सायकलवर, इंदरगंजच्या चौकात रस्ता ओलांडताना, लॉरीत. फूलबागेत सकाळी फिरायला जाणारी मंडळी त्यांना बघून वाट सोडायची. पुस्तकात लिहिलं होतं की अमुक शब्दात 'ह' लिहायचा, पण उच्चारायचा नाही. महिपतरावांना ते काही रुचेना. मी म्हणालो, त्यात काय, आपल्या कचेरीत लिहायचं पण बोलायचं नाही असं किती असतं. तेव्हापासून त्यांनी तो 'ह' सोडला.

मी ऐकायला बसायचो ते कशासाठी, तर एकट्यानं मोठ्यानं बोललं की लोक वेडा म्हणतात, समोर कुणी असलं की म्हणत नाहीत. मला त्यातले फार तर दहा शब्द आले. पण एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. हा माणूस एक भाषा शिकतोय, जी त्यानं कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. एक शब्दसुद्धा नाही. लुसिया 'घोडा' कसं म्हणते, शेवटी ओढते की तोडते, ते ह्यांना ठाऊक नव्हतं. कधी कधी एकच शब्द चार तऱ्हांनी म्हणून मला विचारायचे, "दिनकर, ह्यातला कोणता एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीचा वाटतो?" मी आपला बोट ठेवल्यासारखं सांगायचो, हा तिसरा. तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा.

आणि काय ती पोरगी! दुसऱ्या वर्षी महिपतरावांचंच पत्र परत आलं. बघतो तर लाल पेन्सिलीनं तपासलेलं. सतरा चुका, प्रत्येकीखाली रेघ, आणि शेवटी मोठ्या अक्षरात दहापैकी सहा. खाली तंबी, की पुढच्या वेळी लक्ष द्यावं. मॅट्रिक झालेल्या कारकुनाला, पन्नाशीला आलेल्याला. महिपतरावांनी तो कागद अख्ख्या कचेरीत फिरवला. आमचे बडेबाबू दौलतसिंह कुणाला चांगला शेरा देत नसत, ते म्हणाले, "बिटिया ठीक कह रही है, महिपतरावजी, आप लापरवाह तो हैं।" महिपतरावांना सन्मानपत्र मिळाल्यासारखं झालं.

सहाचे सात झाले, सात-साडेसातवर बरीच वर्षं अडकले, मग आठ. पोरगी दहाची झाली, बाराची झाली. तिची वाक्यं लांबायला लागली, तशी ह्यांचीही. तिला शाळेत कविता आली, तेव्हा ह्यांचा दुसरा भाग चालू होता. तिच्या घोड्यापासून शिंगरू झालं तर ह्यांनी पागेच्या वहीसारखी त्याची वंशावळ मागवली आणि ती तिनं धाडलीही, तीन पिढ्यांची. तिनं वडिलांविषयी विचारावं आणि ह्यांनी लिहावं. सूर्याजी लहानपणी किल्ल्याच्या वाटेवर कसा पडला, कोणत्या घोडीनं त्याला पहिल्यांदा पाडलं. सगळं लिहिलं. ते एक सोडून.

ते एक म्हणजे एकोणचाळीसचं पत्र. मला त्यांनी एकदा इंदूरच्या मुक्कामी सांगितलं की हे सगळं शिकणं त्यासाठीच आहे. तिच्या बापानं घरी येऊ का विचारलं होतं आणि इथून उत्तर गेलं नाही, हे तिला चुलत्यानं सांगायला हवं, तिच्या भाषेत, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. मी म्हणालो, मग सांगा. तर म्हणाले, भाग दुसरा होऊ दे, असली गोष्ट अर्धवट भाषेत सांगता येत नाही. भाग दुसरा त्रेपन्नमध्ये संपला. त्यांनी तिसरा मागवला. त्यात म्हणे मनातलं बोलायची सगळी वळणं होती, असं झालं असतं तर, तसं व्हायला हवं होतं. मी समजलो, आजोबांनी दार लावलं हे नातीला कोणत्या शब्दांत लिहावं, म्हणून अडलेत.

सुधाताई तशा समजल्या नाहीत. एकदा मी घरी गेलो असताना चहा ठेवता ठेवता त्या शांतपणे म्हणाल्या, "तिकडं ते पोर मोठं होतंय, इकडं ह्यांचं पुस्तक मोठं होतंय. सांगायचं असतं त्याला भाग लागत नाहीत."

महिपतराव त्या दिवशी बशीत न ओतता तसाच कपानं चहा प्यायले आणि त्यांची जीभ पोळली.

आता छप्पन्न साल. राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळ. ह्या वेळचे बस्ते परत यायचे नव्हते. ऑक्टोबरभर आम्ही बांधत होतो. ग्वाल्हेरला थोड्या कचेऱ्या राहणार होत्या, आणि महिपतरावांचं नाव राहणाऱ्यांच्या यादीत आलं होतं. सगळे त्यांचा हेवा करत होते.

त्या धुमाळीत एका सकाळी लुसियाचं पत्र कचेरीत आलं. घरी कुणी नसलं तर पोस्टमन तिथं आणून द्यायचा. मी समोरच गाठ मारत होतो. महिपतरावांनी उभ्यानंच फोडलं. दोन ओळी वाचल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं कुणी गेलं. म्हणाले, "नाही रे. ती लिहितेय, काका, आईनं मला पप्पांच्या पत्राचं सांगितलं, मला तुम्हाला एक विचारायचं आहे."

पुढं एक पानच होतं. वाचायला किती वेळ लागणार? पण त्यांनी पत्र मिटलं. भाग तिसऱ्यात घातलं. घरी जाऊन, शब्दकोश घेऊन, नीट वाचतो म्हणाले.

आता ते पुस्तक कसं असायचं ते सांगायचं राहिलं. साहेबलोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून महिपतराव ते लाल खारव्यात गुंडाळून, वर फीत बांधून, चिठ्ठीवर नंबर घालून ठेवायचे. हुबेहूब सरकारी मिसल, म्हणजे फायलीचा गठ्ठा. तेवढ्यात बडेबाबूंनी त्यांना आत बोलावलं. पुस्तक टेबलावर राहिलं. आणि टेबलावर लाल कापडात जे दिसेल ते...

मी बांधलं. हे मी आजही हसत सांगू शकत नाही. संध्याकाळी ते शोधू लागले तेव्हा चारशे बारा बस्त्यांवर मोहोर लागून लॉऱ्या भोपाळच्या वाटेला लागल्या होत्या. मोहोर भोपाळच्या अंमलदारासमोर फुटणार, त्याआधी नाही.

मला वाटलं मला फाडून खातील. ते खाली बस्त्यांच्या रिकाम्या जागेवर बसले. म्हणाले, "तुझा काय दोष? मला वेळ होता की वाचायला."

दोन आठवडे गेले. मी म्हटलं तिला कळवा की पत्र हरवलं, पुन्हा लिही. तर म्हणाले, एकदा ह्या घराकडून एका पत्राला उत्तर गेलं नाही, आता दुसरं हरवलं म्हणून सांगू? कोण विश्वास ठेवील? आणि त्यांनी भोपाळला जायचा अर्ज केला. दौलतसिंहांनी अर्ज दोनदा वाचला. "महिपतरावजी, लोग भोपाल से बचने के लिए डॉक्टर का कागज ला रहे हैं। आपको हुआ क्या है?" ह्यांनी सांगितलं की एक मिसल चुकून गेलीय. बडेबाबूंना काय ते समजलं असावं, कारण त्यांनी न कुरकुरता सही केली आणि बरोबर मलाही धाडलं. गाठ ह्यानं मारली, ह्यानंच सोडावी, म्हणाले.

भोपाळला लष्कराच्या जुन्या बराकीत सगळं आणून टाकलं होतं. ग्वाल्हेरचे बस्ते, इंदूरचे, नागपूरचे, रीव्याचे. छतापर्यंत. कुणाचं काय ते कुणाला ठाऊक नाही. नागपूरचे कारकून आमच्या ढिगावर बसून डबे खायचे. कचेरी सुटली की आम्ही दोघं मोहोर फुटलेले बस्ते सोडायचो. महिपतरावांच्या पागेच्या वह्या सापडल्या. एरवी ते तासभर त्यात रमले असते. नुसत्या उचलून बाजूला ठेवल्या. अकराव्या दिवशी, डिसेंबर लागला होता, ते पुस्तक माझ्या हाताला लागलं.

बराकीच्या दारात उजेडाला उभं राहून त्यांनी पत्र वाचलं. शब्दकोश घेतला नाही. ओठ हलत होते. मग मला सांगितलं की लिहितेय, पप्पा दोन वर्षं रोज फाटकापाशी जाऊन टपालाची गाडी बघायचे, आई म्हणते त्यानंतर त्यांनी गाडीकडे बघणं सोडलं. एवढंच विचारायचंय, की आजोबा नको म्हणाले का?

मी म्हणालो, आता तिसरा भाग हाती आलाय, हवं तर थोडा वेळ घ्या, आजोबांचं नीट शब्दांत लिहा.

त्यांनी पुस्तक माझ्याकडे दिलं आणि एका बस्त्यावर बसून, मांडीवर कागद घेऊन लिहायला लागले. खोडलं एकदाही नाही. अर्ध्या तासात झालं. आठ वर्षांत कधी केलं नव्हतं ते मग केलं. पाकीट बंद करण्याआधी मला समोर बसवलं आणि म्हणाले, हे आधी आपल्या भाषेत कुणीतरी ऐकलं पाहिजे. कागदावरून मराठी करत करत वाचलं. मी शब्दन् शब्द ध्यानात ठेवला आहे.

"चि. लुसिया, अनेक आशीर्वाद. आजोबा नको म्हणाले नाहीत. तुझ्या वडिलांचं पत्र माझ्या हातात आलं आणि मी ते त्यांना दाखवलंच नाही. मला लोकांची भीती वाटली, आणि आबासाहेबांचा राग सगळ्यांना माहीत होता, म्हणून त्यांचं नाव पुढं करणं सोपं होतं. पत्र माझ्या पेटीत होतं आणि आजोबा वारले त्या दिवसापर्यंत, म्हणजे पाच वर्षं, रोज दुपारी पोस्टमनला थांबवून विचारायचे, आमच्या सूर्याजीचं काही आहे का? मी आत बसून ऐकायचो."